कण्यातील चिंचोळी जागा : दुर्मिळ विकार आणि चुंबकीय चित्रण

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल, की हा डॉक्टरांच्या परिषदेतला विषय. तो आमच्यापुढे कशासाठी? मलाही निमंत्रण आले तेव्हा हाच प्रश्न पडला होता. पण गेली अनेक वर्षे मी कण्याची चित्रे वाचण्याचे काम करीत आलो आहे, आणि या कामात एका आश्रमशाळेतील शिक्षकाच्या अर्ध्या पानाच्या चिठ्ठीने मला जे शिकविले, ते कोणत्याही ग्रंथाने शिकविले नाही. म्हणून त्या चिठ्ठीपासूनच आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एटापल्ली तालुक्यातील एक चाळिशीचा गृहस्थ पायांतील शक्ती कमी झाल्यामुळे दूरच्या शहरातील एका रुग्णालयात आला. तेंदूपाने तोडण्याचा हंगाम नुकताच संपला होता. ओझे उचलताना कंबरेत उसण भरली असावी, असे बरोबरच्या माणसांनी सांगितले. रोग्याला माडियाखेरीज दुसरी भाषा येत नव्हती आणि तेथे माडिया कोणालाच येत नव्हती. तपासणीच्या कागदावर ‘कंबरदुखी, पायांत अशक्तपणा’ एवढेच शब्द लिहिलेले होते. त्यानुसार कंबरेच्या मणक्यांचे चुंबकीय चित्रण झाले. ते चित्र मी वाचले. एक गादी किंचित बाहेर सरकलेली होती. तशी ती ओझी वाहणाऱ्या कित्येक माणसांची असते. ‘विशेष दोष नाही’ असा अहवाल मी दिला आणि तो मनुष्य गावी परतला.

नवव्या दिवशी त्याला पुन्हा आणले, ते खाटेवर घालून. पाय हलत नव्हते, लघवी अडली होती. या वेळी मात्र त्याच्या पुतण्याजवळ एक चिठ्ठी होती. गावाजवळच्या आश्रमशाळेतील शिक्षकांनी रोग्याशी त्याच्या भाषेत बोलून ती मराठीत लिहिली होती. दुखणे तेंदूच्या हंगामापूर्वीच सुरू झाले होते; दुखत होते ते कंबरेत नव्हे, दोन खांद्यांच्या मध्ये; चालताना पायातली चप्पल निसटून मागे राही आणि ते त्याला कळत नसे; पाय लाकडासारखे ताठत; संध्याकाळी अंग कोमट होई; आणि छातीभोवती कोणी दोरी आवळून बांधल्यासारखे वाटे.

छातीभोवती दोरी! हे एक वाक्य पहिल्या दिवशी कागदावर असते, तर कंबरेचे चित्र घेऊन कोणी थांबले नसते. आम्ही संपूर्ण कण्याचे चित्र घेतले. पाठीच्या पाचव्या-सहाव्या मणक्याच्या पातळीवर, हाडाच्या आत पण मेरुरज्जूच्या आवरणाबाहेर, क्षयाच्या गाठीचा एक लांबट थर मेरुरज्जूला मागून दाबून बसला होता. मणके शाबूत होते; त्यामुळे साध्या क्ष-किरण चित्रात काहीच दिसले नव्हते. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली आणि पुढे क्षयाचे औषधोपचार पूर्ण करण्यात आले. तो गृहस्थ आज काठी घेऊन चालतो. चूक यंत्राची नव्हती, माझी होती. चुकीच्या जागी पाहिले आणि पाहिलेल्या जागी काही नाही म्हणून निश्चिंत झालो.

आता ही जागा कोणती, ते सांगितले पाहिजे.

हाडाच्या भिंतीआड

आपला कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या मणक्यांचा स्तंभ. प्रत्येक मणक्यात मागच्या बाजूला एक कडे असते आणि ही कडी एकाखाली एक आल्यामुळे मानेपासून माकडहाडापर्यंत एक नळी तयार होते. गडचिरोलीच्या श्रोत्यांना बांबूची उपमा द्यावी तर एक फरक सांगावा लागेल : बांबूच्या पेरांत पडदे असतात, येथे नळी अखंड असते. या नळीतून मेंदूपासून निघालेला मेरुरज्जू खाली येतो. जाडी करंगळीएवढी, लांबी प्रौढ माणसात सुमारे ४५ सेंटीमीटर. हात, पाय, लघवी, शौच या सर्वांचे हुकूम त्यातून खाली जातात आणि स्पर्श, वेदना, उष्णता यांच्या वार्ता त्यातूनच वर येतात.

मेरुरज्जूभोवती पाणी असते आणि पाण्याभोवती एक चिवट आवरण. वैद्यकात त्यास ‘ड्युरा’ म्हणतात. आपल्याकडील परिभाषेत दृढतानिका. या आवरणाच्या बाहेर आणि हाडाच्या भिंतीच्या आत जी अरुंद जागा उरते, ती एपिड्युरल जागा. आपल्या व्याख्यानाचा विषय एवढीच ही जागा. तीत थोडी चरबी असते आणि बारीक नीलांचे जाळे असते. या नीलांना झडपा नसतात, ही गोष्ट बॅटसन नावाच्या शारीरशास्त्रज्ञाने १९४० मध्ये विशेष प्रकाशात आणली. झडपा नसल्यामुळे रक्त दोन्ही दिशांनी वाहू शकते, आणि ओटीपोटातील एखादा संसर्ग किंवा कर्करोगाच्या पेशी या वाटेने थेट कण्यात येऊ शकतात.

ही जागा काही मिलिमीटरांची. चरबी मऊ असते, ती मेरुरज्जूला उशीसारखी जपते. परंतु तेथे पू साचला, रक्त साकळले, गाठ वाढली किंवा चरबीच प्रमाणाबाहेर झाली, तर काय होईल? हाड मागे सरणार नाही. सरावे लागते ते मेरुरज्जूला, आणि त्याला सरण्यास जागा नसते. पाठीच्या मधल्या भागात नळी सर्वांत अरुंद असते आणि मेरुरज्जूचा रक्तपुरवठाही तेथे बेताचाच असतो. म्हणून तेथील लहानशी गाठही माणसाला पांगळे करू शकते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण माझी चूक तिच्यातच दडलेली होती. मेरुरज्जू कंबरेपर्यंत पोहोचतच नाही. तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली असतात त्या नुसत्या मज्जातंतूंच्या दोऱ्या, घोड्याच्या शेपटीसारख्या. कंबरेतील गादीने या दोऱ्या दाबल्या तर पाय ढिला पडतो. पाय ताठ होऊन अडखळू लागले, तर दाब बहुधा वर, पाठीत किंवा मानेत असतो. तक्रार पायाची असली तरी दोष पायापासून हातभर वर असू शकतो.

यंत्र कसे पाहते

क्ष-किरणांनी हाड दिसते, हाडाआडचे दिसत नाही. हाडातील खनिज द्रव्याचा बराच मोठा अंश, तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक, नष्ट झाल्याखेरीज साध्या चित्रात क्षयाची खूण उमटत नाही. १९२१ मध्ये फ्रान्समधील सिकार आणि फोरेस्टिए यांनी आयोडीनयुक्त तेल कण्याच्या नळीत सोडून अडथळा कोठे आहे हे पाहण्याची रीत काढली. ती पुढे पन्नास-साठ वर्षे चालली. अडथळा आहे एवढे तिने कळे. तो पुवाचा की रक्ताचा की चरबीचा, हे कळत नसे.

चुंबकीय अनुस्पंदन चित्रण, ज्याला आपण सर्व एम. आर. आय. म्हणतो, याची वाट निराळी आहे. त्यात क्ष-किरण मुळीच नसतात. आपल्या शरीरात पाणी आणि चरबी यांच्या रूपाने हायड्रोजनचे अगणित अणू असतात. त्यांची अणुकेंद्रे इवल्याशा होकायंत्राच्या सुयांसारखी वागतात. नेहमी वापरात असलेल्या यंत्रातील चुंबक १.५ टेस्ला शक्तीचा असतो. म्हणजे ज्या भूचुंबकत्वाने होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते, त्याच्या तीस हजार पटींहून अधिक. या क्षेत्रात त्या सुया रांगेत उभ्या राहतात. मग सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीने त्यांना हलकासा धक्का देतात. लहर थांबली की त्या पुन्हा जागेवर येतात आणि येताना स्वतःच एक क्षीण रेडिओ संदेश सोडतात. हा संदेश ऐकून यंत्र चित्र रचते. पाण्यातल्या सुया सावकाश परततात, चरबीतल्या लवकर. या फरकामुळे पू, रक्त, चरबी आणि मांसल गाठ यांचे रंग निरनिराळे उमटतात.

पॉल लॉटरबर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेले या पद्धतीचे पहिले चित्र पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे होते. इंग्लंडच्या पीटर मॅन्सफिल्ड यांनी ती पद्धत वेगवान केली. दोघांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चुंबकाच्या तारा द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड ठेवाव्या लागतात आणि विजेचा पुरवठा अखंड असावा लागतो. आपल्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातील विजेवर दूरदूरची यंत्रे चालत असतील. तिच्याच शेजारच्या तालुक्यांतील रोग्याला मात्र यंत्रापर्यंत जाण्यास दिवस लागतो, हे आपण सर्व जाणतो.

या यंत्राची एक मर्यादा सांगून पुढे जातो. ते जेथे रोखले जाते, तेवढेच पाहते. कंबर दाखविली तर कंबर. म्हणून पाय ताठ झाले असतील, लघवी अडली असेल, छाती-पोटाभोवती पट्टा बसल्यासारखे वाटत असेल, तर संपूर्ण कण्याचे चित्र मागितले पाहिजे. झटपट आढावा घेण्यास फार वेळ लागत नाही.

दाब एकच, कारणे निराळी

या जागेतील विकारांपैकी काही दुर्मिळ आहेत. दुर्मिळ म्हणून सोडून द्यावेत असे मात्र नाही, कारण त्यांचे उपचार एकमेकांच्या अगदी उलट असतात. एकाला तातडीने शस्त्र लावावे लागते, दुसऱ्याला शस्त्र लावणेच धोक्याचे.

क्षयाविषयी आधी बोललो. कण्याच्या क्षयाचे सविस्तर वर्णन पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ मध्ये केले. पाठीला आलेले कुबड आणि पायांचा पांगळेपणा यांचा संबंध त्याने दाखविला. नेहमीच्या प्रकारात दोन मणके आणि मधली गादी कुरतडली जाते, पू पुढून मेरुरज्जूवर येतो. आमच्या एटापल्लीच्या रोग्यात हाड अखंड आणि गाठ मागे, हा प्रकार विरळा. येथे शिक्षकांना एक व्यवहारातली खूण सांगतो. कण्याचा क्षय झालेले मूल जमिनीवर पडलेला खडू उचलताना पाठीतून वाकत नाही. पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत बसते आणि मग उचलते. वर्गात असे मूल दिसले, ते रात्री झोपेत रडत उठते असे आईने सांगितले, तर त्याला आळशी म्हणू नये, दवाखान्यात पाठवावे. कण्याचा क्षय औषधांनी बरा होतो. वेळेत आलेल्या पुष्कळ रोग्यांना शस्त्रक्रियाही लागत नाही.

दुसरा विकार साध्या पुवाचा. पाठीवरचे गळू, इंजेक्शनच्या जागी झालेला फोड, मधुमेह्याच्या पायाची जखम, यांतील जंतू रक्तावाटे कण्यात पोहोचतात. ह्यूस्नर या वैद्याने १९४८ मध्ये याच्या चार पायऱ्या सांगितल्या, त्या आजही तशाच शिकवितात : आधी पाठीत एका ठिकाणी दुखणे, मग ते दुखणे बरगडीत किंवा पायात उतरणे, मग अशक्तपणा, शेवटी लकवा. पहिल्या पायरीवर दिवस असतात, तिसरीवरून चौथीवर जाण्यास कधी कधी काही तास पुरतात. पाठदुखी आणि ताप एकत्र आले की सावध व्हावे, एवढे गावात कळले तरी बरेच काम होईल. चित्रात या पुवाभोवती एक उजळ कडा दिसते. औषध टोचून चित्र घेतले म्हणजे ती अधिक स्पष्ट होते.

रक्त साकळण्याचा विकार अचानक येतो. चाकू खुपसल्यासारखी कळ, आणि तासाभरात पाय जड. हृदयविकारासाठी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत तो विशेष आढळतो. येथे यंत्राचे एक कौतुक सांगण्याचा मोह आवरत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन जसजसे जुने होते तसतसे त्याचे चुंबकीय गुण बदलतात, आणि चित्रातील रंगावरून रक्त आजचे आहे की आठवड्याचे, हे सांगता येते. पण ताजे असतानाच ते काढले पाहिजे. पहिल्या बारा तासांत शस्त्रक्रिया झालेले रोगी अधिक चांगले सुधारतात, असा शल्यविशारदांचा अनुभव आहे.

आता ज्या दोन विकारांसाठी मी येथे येण्याचे विशेष ठरविले, त्यांच्याकडे वळतो.

पहिला सिकलसेल आणि थॅलॅसेमिया यांच्याशी निगडित आहे. विदर्भातील सिकलसेलची नोंद नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या जिल्ह्यांतील गोंड, माडिया, परधान या समाजांत, आणि इतरही समाजांत, तो आहे हे आपण जाणता. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय निर्मूलन अभियानातील रक्ततपासण्यांत आपल्यापैकी अनेकांनी भाग घेतला असेल. या रोगांत तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात. त्या भरून काढण्यासाठी हाडातील मज्जा अहोरात्र राबते, आणि तीही अपुरी पडली तर शरीर हाडाबाहेर रक्त तयार करू लागते. क्वचित ही रक्तनिर्मिती कण्याच्या त्या चिंचोळ्या जागेतच सुरू होते आणि मेरुरज्जूवर दाब येतो. गॅटो यांनी १९५४ मध्ये थॅलॅसेमियाच्या रोग्यात याचे वर्णन केले. थॅलॅसेमियात तो अधिक दिसतो, सिकलसेलमध्ये विरळा. पण दोन्हींचे मिश्रण असलेली कुटुंबे असतात.

चित्रात हा थर कर्करोगाच्या गाठीसारखा दिसू शकतो. रोग्याला सिकलसेल किंवा थॅलॅसेमिया आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक नसेल, तर तो गाठ म्हणून तिचा तुकडा काढण्याचा सल्ला देईल. आणि रक्ताने भरलेल्या त्या थरातून रक्तस्राव थांबविणे अवघड जाते. उलट, ठाऊक असेल तर रक्त चढविणे, हायड्रॉक्सियुरिया आणि अल्प मात्रेचे किरणोपचार यांनी तो थर पुष्कळदा आक्रसतो. सिकलसेल तपासणीचे ते कार्ड घरात पेटीत राहिले आणि रोगी नागपूरला गेला, असे होऊ नये.

याच रोग्यांच्या बाबतीत दुसरा धोका अधिक नित्याचा आहे. सिकलसेलच्या वेदनेच्या झटक्यात पाठ दुखतेच. घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि दवाखान्यालाही त्याची सवय झालेली असते. त्यामुळे ज्या वेळची पाठदुखी निराळी असते, तीही ‘नेहमीचेच’ या सदरात जाते. सिकलसेलच्या रोग्याला हाडांचा संसर्ग इतरांपेक्षा सहज होतो, आणि त्यात साल्मोनेला हा एरवी पोटाचा जंतू विशेष असतो. पाठ नेहमीसारखी दुखत असेल तर पाणी, विश्रांती, औषध हे खरेच. पण पाय जड वाटला, मुंग्या आल्या, लघवी तुंबली, तर तो झटका नव्हे.

दुसरा विकार माणसाने निर्माण केलेला आहे. बाजाराच्या दिवशी गुडघेदुखीच्या, दम्याच्या पुड्या विकणारे आपण पाहतो. पुडी घेतली की दोन दिवसांत दुखणे पळते, भूक लागते, चेहरा गोल होतो आणि घरची मंडळी म्हणतात, प्रकृती सुधारली. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडते. ते महिनोन् महिने पोटात गेले तर अंगातील चरबी नको तेथे जमू लागते. मानेवर, पोटावर, आणि कण्याच्या त्या जागेत. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियात मूत्रपिंड बदललेल्या एका रोग्यात, त्याला द्याव्या लागलेल्या स्टिरॉइडमुळे, चरबीने मेरुरज्जू दबल्याचे प्रथम वर्णिले गेले. डॉक्टरी देखरेखीतही हे होऊ शकते, मग पुडीची गोष्ट काय सांगावी? चित्रात चरबी लख्ख पांढरी दिसते आणि यंत्राला ‘चरबी पुसून टाक’ अशी आज्ञा दिली की तोच भाग काळा पडतो. शंका राहत नाही. उपचार म्हणजे स्टिरॉइड हळूहळू कमी करणे आणि वजन उतरविणे, शस्त्रक्रिया क्वचित. मात्र पुडी एकाएकी बंद करू नये. शरीराने स्वतःचे संप्रेरक तयार करणे थांबविलेले असते, त्यामुळे अचानक बंद केल्यास जिवावर बेतते. रोग्याबरोबर ती पुडीच पाठवावी.

कुत्र्यांच्या विष्ठेतून पसरणाऱ्या कृमीचे पाणीदार फोड, रक्तवाहिन्या आणि चरबी यांची मिश्र गाठ, लसिका ग्रंथींचा कर्करोग, असे आणखीही विकार या जागेत होतात. त्यांची यादी येथे वाचण्यात अर्थ नाही.

अंतर आणि वेळ

मघा मी तासांच्या गोष्टी केल्या. आपल्याकडे अंतरे तासांत मोजता येत नाहीत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग वनाखाली आहे. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरांच्या घरात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटत आला आहे. पण खरा वेळ पुष्कळदा रस्त्यावर जात नाही, त्याआधीच गेलेला असतो. कण्यात दाब असलेल्या माणसाला पायाळू माणसाकडून लाथ मारवून घेतात, पाठीवर पाय देऊन चालतात, डागण्या देतात. साध्या उसणेला लाथेने काही बिघडत नसेल. क्षयाने पोखरलेल्या मणक्यावर तीच लाथ पडली तर जागच्या जागी पाय जातात. गावातील पुजाऱ्याशी वाद घालण्याचे कारण नाही. पूजा व्हावी, पण पाठीला हात लावू नये, एवढे त्यांना समजावून सांगितले तर ते ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

आपल्या भागात यासाठी काही आधार उभे आहेत. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या शोधग्राम येथील माँ दंतेश्वरी दवाखान्यात मुंबईच्या स्पाइन फाउंडेशनचे शल्यविशारद येऊन कण्याच्या रोग्यांना तपासतात आणि शस्त्रक्रियाही करतात. भामरागडकडे हेमलकसा येथे १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी आधी राजीव गांधींच्या नावाने होती, तिच्या २०१२ च्या पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. शिधापत्रिका आणि ओळखपत्र बरोबर घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटावे.

रोग्याला नेताना त्याला बसवून, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून नेऊ नये. फळीवर किंवा कडक खाटेवर उताणे झोपवावे. कूस बदलताना मान, पाठ आणि कंबर एकाच वेळी, लाकडाचा ओंडका फिरवावा तशी फिरवावीत. लघवी होत नसेल तर वाटेतील प्राथमिक आरोग्य केंद्रात नळी घालून घ्यावी. पाय बधिर असतील तर शेकोटी अथवा गरम विटेचा शेक देऊ नये. भाजलेले त्याला कळणार नाही.

यंत्राच्या खोलीविषयीही आधी सांगून ठेवावे. तेथे अर्धा ते पाऊण तास निश्चल पडून राहावे लागते, ठोके मारल्यासारखा मोठा आवाज होतो, पण दुखत काही नाही. अंगावरचे धातूचे सर्व काढावे लागते : पैंजण, कडी, गळ्यातील माळा, ताईत. कितीतरी माडिया भगिनींना हे दागिने काढणे म्हणजे अंगावरचे काही तोडून घेतल्यासारखे वाटते आणि त्या उठून निघून जातात. ताईत सोडण्याआधी घरच्या वडीलधाऱ्या माणसाची परवानगी घेऊन ठेवली आणि तो त्याच माणसाच्या हातात दिला, तर अडचण येत नाही. शरीरात छर्रा, लोखंडी तुकडा किंवा हृदयाचा पेसमेकर असल्यास ते आधीच सांगावे. चुंबकापुढे ही गोष्ट जिवाशी येऊ शकते.

आणि बरोबर जाणारा मनुष्य रोग्याची भाषा जाणणारा असावा. तसा मिळत नसेल तर चिठ्ठी द्यावी. मघाशी एका भगिनींनी मला विचारले, की ही चिठ्ठी इंग्रजीत लिहावी काय, डॉक्टरी शब्द कोठून आणावेत? साध्या मराठीत लिहावी. दुखणे कधी सुरू झाले, नेमके कोठे दुखते, रात्री वाढते काय, ताप येतो काय, चप्पल निसटते काय, लघवी शेवटची कधी झाली, घरात सिकलसेल किंवा क्षय कोणाला आहे, कोणती पुडी किंवा गोळी चालू आहे, मागल्या महिन्यात इंजेक्शन कोठे टोचले. आणि रोगी स्वतः जे म्हणतो ते त्याच्याच शब्दांत लिहावे, अर्थ लावू नये. दोरी म्हणाला तर दोरी, मुंग्या म्हणाला तर मुंग्या, पाय ‘माझा वाटत नाही’ म्हणाला तर तसेच. खाली आपला दूरध्वनी क्रमांक लिहावा. म्हणजे चित्र वाचताना अडले, तर आम्हांला विचारता येईल.